लग्नातले फोटो आणि ते काढणारी माणसे

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर पाककृतींवर, आरोग्यावर, बालसंगोपनावर चांगली चांगली भाषणे झाली आहेत. यंदा एका फोटोग्राफर बाईला बोलवावे ही कल्पना चिटणीसबाईंची. त्यांच्या धाकट्या मुलीचे लग्न येत्या मार्गशीर्षात आहे हे मला आमंत्रण स्वीकारल्यानंतर कळले! तेव्हा या भाषणात त्यांचा थोडासा स्वार्थ आहे. माझा मात्र नाही, कारण माझे या मोसमातले सारे मुहूर्त भरले आहेत. म्हणूनच फोटोग्राफर कसा निवडावा हे मी जरा निःपक्षपातीपणाने सांगू शकेन.

मी १९९३ पासून लग्नाचे फोटो काढते आहे. बाईने हा धंदा करावा याचे अजूनही काहींना नवल वाटते. परंतु त्यात नवल वाटण्याजोगे काही नाही. राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत पडद्यातल्या स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला, तेव्हा तेथे फोटो काढायला एक इंग्रज बाईच नेमली होती. आणि होमाई व्यारावाला यांचे नाव तर आपणांपैकी पुष्कळजणींना ठाऊक असेल. १९१३ साली नवसारीस जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या या बाई साडी नेसून, जड कॅमेरा गळ्यात अडकवून दिल्लीत फिरल्या व देश स्वतंत्र झाला त्या दिवसांचे फोटो त्यांनी काढले. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. असे असताना मी मांडवात शिरले की यजमान माझ्या खांद्यावरून मागे पाहत विचारतात, "फोटोग्राफर अजून आले नाहीत का?"

धंद्यातील माझी पहिली तीन वर्षे एका स्टुडिओत गेली. मालकांनी मला "बायकांकडचे फोटो" काढायला ठेवले होते. म्हणजे हळद, नवरीची वेणीफणी, रुखवत. मांडवातले मुख्य विधी पुरुष फोटोग्राफर काढीत. माझा पगार मदतनीस मुलापेक्षाही कमी होता, आणि कारण विचारले तर उत्तर येई, "तुम्हांला काय, घर चालवायचे नाही." मला घर चालवायचे होते. ते त्यांना सांगून उपयोग झाला नाही, म्हणून मी ती नोकरी सोडली व कर्जाने कॅमेरा घेतला. तथापि त्या तीन वर्षांनी मला एक गोष्ट शिकवली. लग्नाचा खरा जीव पुष्कळदा मांडवात नसतो. तो नवरीच्या खोलीत, कोठीपाशी, मागच्या पडवीत असतो.

त्या काळी फिल्मचा रोल असे. एका रोलमध्ये ३६ फोटो. मोठ्या चौकोनी फिल्मच्या कॅमेऱ्यात तर बाराच. मध्यमवर्गीय लग्नात पाच रोल म्हणजे चैन. त्यामुळे प्रत्येक कळ दाबताना मनात हिशेब चाले. आता डिजिटल कॅमेऱ्यात एका लग्नात दोन-तीन हजार फोटो सहज निघतात. पुष्कळांना वाटते, आता काम सोपे झाले. झाले आहे, पण काढण्याचे. निवडण्याचे नाही. एका दिवसाच्या लग्नाचे फोटो निवडून, रंग ठीक करून, अल्बम मांडायला मला पाच-सहा दिवस बैठक मारावी लागते. दर ठरवताना यजमानांना तो एकच दिवस दिसतो.

त्यातून हा धंदा बारमाही नव्हे. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मासात आपल्याकडे मुहूर्त जवळजवळ नसतात. तुळशीचे लग्न लागले की आमची धावपळ सुरू होते, आणि वैशाखात तर एका दिवशी तीन तीन बोलावणी. अधिकमास आला की आणखी एक महिना कोरडा. सहासात महिन्यांच्या कमाईवर वर्ष काढायचे असते. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको.

आता अंतरपाटाचेच पाहा. मंगलाष्टके संपतात, "सावधान" होते, वाजंत्री वाजू लागते, अंतरपाट बाजूला होतो आणि दोघे एकमेकांना पाहतात. ते पाहणे जेमतेम एक सेकंद टिकते. दुसऱ्या सेकंदाला अक्षतांचा वर्षाव, मग हारांसाठी उचलाउचली. तो एक सेकंद चुकला तर पुन्हा मागता येत नाही. म्हणून मी विधी सुरू होण्यापूर्वी गुरुजींना नमस्कार करून विचारते, "अंतरपाट कोणत्या बाजूला ओढणार?" त्यावर माझी जागा ठरते. गुरुजी आधी चमकतात, मग खूष होतात. हल्ली मात्र ऐन वेळी दहा पाहुणे हातात मोबाइल उंचावून मध्ये उभे राहतात आणि नवरीच्या तोंडापुढे कोणाचे तरी कोपर येते. याला उपाय फोटोग्राफरच्या हाती नाही. यजमानांनी गुरुजींकडून एकदा जाहीर सांगवावे की अक्षता टाकाव्यात, फोटो मागाहून सर्वांना मिळतील. गुरुजींचे लोक ऐकतात, आमचे ऐकत नाहीत.

मला स्वतःला सर्वांत आवडते ते गौरीहराचे पूजन. पिवळी अष्टपुत्री नेसलेली मुलगी अन्नपूर्णेपुढे बसलेली असते. मामा न्यायला येईपर्यंत तिला काही काम नसते. सकाळपासून पहिल्यांदाच ती एकटी असते. तिथे फ्लॅश उडवू नये, बोलू नये, "इकडे बघ, हास" असे तर मुळीच म्हणू नये. खिडकीचा उजेड असेल तेवढ्यात काम करावे.

उजेडाचे शास्त्र सांगत बसत नाही, पण एक गोष्ट आपल्या हातची आहे ती सांगते. दुपारच्या लग्नाला लाल किंवा हिरव्या कापडाचा मांडव घातला तर त्या कापडाचा रंग गाळून खाली येतो आणि सगळ्यांचे चेहरे तसेच दिसतात. हिरव्या मांडवाखाली वऱ्हाड महिनाभर आजारी असल्यासारखे दिसते. पांढरे किंवा फिकट बदामी छत सांगा, खर्च तेवढाच. कार्यालयात व्यासपीठावर जांभळे-गुलाबी दिवे सोडण्याची जी नवी हौस आहे, ते दिवे निदान विधी चालू असताना बंद ठेवायला सांगा. हळदीने माखलेल्या तोंडावर जांभळा उजेड पडला की काय दिसते ते मी वर्णन करीत नाही.

आता निवडीकडे वळते. फोटोग्राफर आपला नमुन्याचा अल्बम दाखवतात. त्यात वीस लग्नांतले वीस उत्तम फोटो असतात. ते पाहून भुलू नका. त्यांना म्हणा, "एकाच लग्नाचे, सकाळपासून वरातीपर्यंतचे सगळे फोटो दाखवा." ते पाहताना नवरीकडे पाहू नका, नवरी कोणीही चांगली काढतो. अंधाऱ्या कार्यालयातले लाजाहोमाचे फोटो पाहा. धुरात चेहरे ओळखू येतात का? भावाच्या हातातल्या लाह्या दिसतात का? पन्नास-साठ माणसांच्या घोळक्यात डोळे मिटलेले किती, कडेची माणसे अर्धी कापली गेली का ते पाहा. आणि म्हाताऱ्या माणसांचे फोटो किती आहेत ते मोजा. ज्याच्या लग्नभर एकही आजी नाही, त्याचे लक्ष फक्त दागिन्यांवर आहे असे समजा.

दुसरे, दाखवणारा आणि येणारा माणूस एकच आहे का हे विचारा. मोठ्या नावाखाली भलताच पोऱ्या येतो, हा अनुभव पुष्कळांना आहे. येणाऱ्याचे नाव कागदावर लिहून घ्या.

तिसरा प्रश्न हल्लीच्या काळातला. फोटो सांभाळणार कसे? पूर्वी निगेटिव्ह असे, ती पाकिटात राही. आता फोटो म्हणजे कार्डातले आकडे. चांगल्या कॅमेऱ्यात दोन कार्डे बसतात व एकाच वेळी दोन्हींवर फोटो उतरतो. घरी आल्यावर त्याच रात्री दोन वेगळ्या डिस्कांवर नकल करून एक दुसऱ्या ठिकाणी ठेवतात. माझ्या ओळखीच्या एका घरी मुलीच्या लग्नाचा एकही फोटो नाही, कारण फोटोग्राफरने सारे एकाच डिस्कवर ठेवले आणि अल्बम व्हायच्या आत ती बिघडली. पैसे परत मिळाले. पण त्या लग्नानंतर चार महिन्यांनी मुलीचे आजोबा वारले आणि त्या दिवशी त्यांनी बांधलेला कोशाचा फेटा आता फक्त बोलण्यात उरला आहे. तेव्हा हा प्रश्न विचारायला संकोच करू नका. नीट उत्तर देता येईल त्यालाच काम द्या. आणि फोटो हाती आले की आपलीही एक नकल करा. फोटोग्राफर जन्मभर सांभाळील असे धरून चालू नका.

आता कायद्याची एक गोष्ट, जी यजमानांना सहसा माहीत नसते. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाप्रमाणे, पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, ज्याने तो काढवून घेतला त्याचा असतो. म्हणजे यजमानांचा. आता गंमत अशी की "वेगळा करार नसेल तर" या शब्दांत सारे आहे. छापील करारपत्राच्या शेवटी बारीक अक्षरांत एक ओळ असते की हक्क स्टुडिओचे राहतील व फोटो जाहिरातीसाठी वापरता येतील. सही करण्यापूर्वी ती ओळ वाचा. वापरू द्यायचे असतील तर खुशाल द्या, मलाही माझे काम लोकांना दाखवावे लागते. पण मुलीला विचारा, व्याह्यांना विचारा, आणि लहान मुलांचे व नवरीच्या खोलीतले फोटो कोठेही टाकायचे नाहीत असे लिहून घ्या. करार नसणे मात्र कोणाच्याच हिताचे नाही. तारीख, वेळ, किती माणसे येणार, काय देणार, केव्हा देणार, पैसे किती हप्त्यांत, एवढे एका पानावर मावते. विवाहनोंदणीच्या अर्जाबरोबर विधीचा फोटो बहुधा मागतात, तेव्हा तसे दोन-तीन फोटो आठवड्याच्या आत द्यावेत हेही त्यात घाला.

नात्यातल्या कोणा भाच्याकडे भारी कॅमेरा आहे म्हणून त्यालाच सांगावे, असा एक काटकसरीचा मार्ग सुचवला जातो. भाच्याला जिलबी खाऊ द्या. तो मामाच्या घरचे लग्न पाहायला आला आहे. लग्नाआधी समुद्रकाठी किंवा किल्ल्यावर जाऊन भाड्याच्या पोशाखात फोटो काढण्याची जी चाल निघाली आहे तीविषयी मला मत विचारतात. मी तीही कामे घेते, घर चालवायचे असते. पण त्यासाठी जेवढा खर्च होतो तेवढ्यात लग्नाच्या दिवशी आणखी एक चांगला फोटोग्राफर येतो. मग सीमांतपूजनाच्या वेळी एकजण मांडवात व एकजण नवरीकडे राहू शकतो.

रंगाविषयी बोलणे मला भाग आहे. "मुलीला जरा उजळ करा हो," असे सांगणाऱ्या आया मला दर लग्नात भेटतात. पिवळ्या दिव्यांमुळे बिघडलेला रंग मी दुरुस्त करते. तो मूळ रंग परत आणणे झाले. पण मुलीचा स्वतःचा रंग मी बदलत नाही आणि त्यापायी दोन कामे गेली आहेत. एका घरी मी दुसऱ्याने केलेला अल्बम पाहिला. नवरीचा चेहरा पिठासारखा पांढरा, आणि हिरव्या चुड्याखालचे हात सावळे. तिची पाच वर्षांची मुलगी विचारत होती, "आई, ही कोण?" आईने पान उलटले. भगिनींनो, मला त्या आईचे उत्तर ऐकायचे होते, पण तिने दिले नाही.

दुसरी गोष्ट याहून नाजूक आहे. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी मी लग्नाला गेले होते. मुलीचे वडील नव्हते. कन्यादान काका-काकूंनी करायचे ठरले होते. सकाळपासून मी आईचा फोटो शोधत होते, तर आई कुठेच दिसेना. शेवटी कोठीच्या खोलीत सापडल्या. कमरेला किल्ल्या, समोर नारळांची रास, मोजून देत होत्या. लेकीचे लग्न त्यांनी एकटीने उभे केले होते आणि त्या स्वतः दाराआड बसल्या होत्या. मी म्हटले, "गौरीहरापाशी दोन मिनिटे चला." त्या म्हणाल्या, "नको हो, आज नको. तुम्ही काढा त्यांचे." तेवढ्यात घरातल्या थोरल्या आजी, म्हणजे या बाईंच्या सासूबाई, काठी टेकत आल्या. त्या काही सुधारक वगैरे नव्हत्या. त्यांनी क्षणभर माझ्याकडे, मग सुनेकडे पाहिले आणि म्हणाल्या, "अगं, तिच्या मुंडावळ्या सैल झाल्यात. कोणाला नीट बांधता येत नाहीत. तू जा." मुंडावळ्या चांगल्या घट्ट होत्या, मी पाहिल्या होत्या. आई गेल्या. लेकीमागे उभ्या राहून त्यांनी गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. मी तीन फोटो काढले. मुलगी वर पाहत नव्हती, पण तिने मागे हात नेऊन आईचा पदर धरला होता. तो हात फोटोत आला आहे.

२०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनाही तसे करण्यास सांगितले, हे आपण वाचले असेल. ठराव झाला हे चांगले झाले. मांडवात मात्र ठराव वाचून दाखवता येत नाही. तिथे मी आपली सरळ विचारते, "आई कुठे आहेत? त्यांच्याशिवाय हा फोटो पुरा होत नाही." फोटोग्राफर परका असतो, त्याला कोणी उलट बोलत नाही, नि त्याच्या नावावर घरच्यांनाही जे करायचे असते ते करता येते. तेव्हा काम ठरवताना बोलून पाहा. "घरात कोणकोण आहे?" असे जो आपणहून विचारतो आणि ऐकून घेतो, त्याचा दर थोडा जास्त असला तरी त्याला घ्या.

यजमानांनी करायचे ते थोडके आहे. ज्यांचे फोटो हवेतच अशा माणसांची यादी करा आणि ती ओळखणारी एक चुणचुणीत मामी किंवा काकू आमच्याबरोबर द्या. वडील माणसांचे घोळक्यातले फोटो जेवणापूर्वी उरकून घ्या, नंतर ती थकतात. झाल म्हणजे ऐरणीदानाच्या वेळी सर्वांचे डोळे भरलेले असतात, तेव्हा आम्हांला लांब उभे राहू द्या, जवळ या म्हणून आग्रह करू नका. आणि फोटोग्राफरला वेळेवर जेवायला वाढा. पहाटे घाणा भरल्यापासून सात-आठ किलोची पिशवी खांद्यावर घेऊन उभे असतो. शेवटच्या पंगतीला आमटी गार झालेली असते आणि नेमके तेव्हाच कोणीतरी सांगत येते की वरात निघाली.

शेवटी जुन्या फोटोंविषयी. चहाच्या वेळी दोघीतिघींनी विचारले म्हणून सांगते. काळ्या जाड पानांवर कागदी कोपऱ्यांत बसवलेले तुमच्या-माझ्या आईच्या लग्नाचे कृष्णधवल फोटो अजून चांगले आहेत, आणि पुष्कळ घरी पुढच्या पिढीतले रंगीत फोटो मात्र तांबूस झाले आहेत. याचे कारण त्या रंगांतच आहे, तुमच्या हलगर्जीपणात नव्हे. चिकट पानावर प्लॅस्टिकचा कागद ओढून बसवायचे जे अल्बम नंतर आले, ते फोटोंना फार वाईट. त्यांतले फोटो ओढून काढू नका, फाटतील. आहेत तसेच पानासकट त्यांची नकल करून घ्या. लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटींना पावसाळ्यात बुरशी धरते, त्या लवकर उतरवून घ्या. अल्बम भिंतीला लागून असलेल्या कपाटात तळाशी ठेवू नका. आणि फोटोमागे माणसांची नावे लिहा, मऊ पेन्सिलीने, बॉलपेनने नव्हे, कारण त्याचा दाब पुढे उमटतो. नावे सांगणारी माणसे घरात आहेत तोवरच हे होण्यासारखे आहे.

ज्या भगिनींना आपले जुने अल्बम दाखवायचे असतील त्यांनी येत्या बुधवारी दुपारी ते मंडळात आणावेत. मी चार ते सहा येथेच बसेन. पेन्सिली मी आणीन, ज्यांना नावे ठाऊक आहेत अशा सासूबाईंना मात्र आपण बरोबर आणावे.